मागं राहिलेली पात

संग्रामपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी पळसझरी नावाचं गाव आहे. गाव तसं तोंडाळ. पारावर बसून दिल्लीपासून अमेरिकेपर्यंत सगळ्यांना अक्कल शिकवणारं. पण तानाबाई समोरून येताना दिसली की भलेभले जिभेला लगाम घालतात. ती भांडकुदळ नाही, शिवराळ तर मुळीच नाही. तिला खोड एकच आहे. समोरचा जे बोलेल ते ती चारचौघांत मोठ्यानं, जसंच्या तसं परत म्हणून दाखवते. आणि स्वतः काही बोलली की समोरच्याला सोडत नाही. "सांगा आता, मी का म्हन्लं ते?" असं म्हणून, म्हणजे आपण काय बोललो ते वदवून घ्यायला, उभी राहते.

ही खोड तिला शेतात लागली. तानाबाई बायकांच्या टोळीची म्होरकी. निंदण असो की कापसाची वेचणी, शेतमालक म्होरकीशी बोलणार आणि म्होरकी बाकीच्या बायांना सांगणार, अशी रीत. आधीची म्होरकी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मालकाशी कुजबुजायची. मग शेवटच्या बाईपर्यंत बोलणं पोचता पोचता त्यातला दुपारचा चहा गळून पडायचा आणि दिवस बुडेपर्यंतचं काम चिकटून यायचं. संध्याकाळी भांडणं. तानाबाईनं पहिल्याच दिवशी कायदा केला: धुऱ्यावर जे ठरेल ते मोठ्यानं ठरेल, आणि दोन्ही बाजू ते परत म्हणतील. गावचे मोठे शेतकरी शेषरावभाऊ एकदा वैतागून म्हणाले, "तानाबाई, तू बाई हायेस का भोंगा?"

"भोंगा असतो त बटन तुमच्या हाती राह्यलं असतं," तानाबाई म्हणाली.

टोळीत सगळ्या जातींच्या बाया. बौद्ध वस्तीतल्या, माळ्यांच्या, कुणब्यांच्या, दोघी-तिघी मुसलमान. गावात यांच्या पंगती वेगळ्या, सणवार वेगळे, मसणवटे वेगळे. शेतात मात्र सगळ्यांची पात सारखी. पात म्हणजे ज्या त्या बाईच्या वाट्याला आलेली ओळ. एखादीची पात मागं पडली, कुणाचं पोर तापानं फणफणलेलं असलं, कुणाची कंबर धरली असली, की बाकीच्या आपापली पात संपवून उलट्या फिरायच्या आणि समोरून वेचत वेचत तिला येऊन मिळायच्या. एकीला मागं ठेवून धुऱ्यावर बसायचं नाही. हे कुणी शिकवलेलं नव्हतं. आयांना बघून लेकी करत आल्या, एवढंच.

तानाबाईच्या स्वतःच्या जिवाला मात्र एक बोच होती, आणि तिथं कुणी उलटं फिरलं नव्हतं.

बौद्ध वस्ती गावाच्या उगवतीला. वस्तीच्या पुढं शेषरावभाऊंचं शेत, आणि शेताच्या पलीकडं वस्तीचं स्मशान. जुनी वाट शेताच्या धुऱ्यावरून जायची. शेषरावभाऊंचे वडील गेले आणि त्याच साली शेषरावभाऊंनी धुरा नांगरून शेतात घातला, वर बोराटीच्या काट्या टाकल्या. "नाल्यानं जा," म्हणाले. शेताच्या कडेनं नाला आहे खरा. उन्हाळ्यात त्यातून शेळ्यासुद्धा जातात. पण माणसं काही उन्हाळा बघून मरत नाहीत. तानाबाईचा नवरा इंद्रभान श्रावणात गेला.

नाल्याला गुडघाभर पाणी आणि खाली गाळ. खांदेकऱ्यांतल्या एकाचा पाय सटकला, तिरडी कलंडली आणि इंद्रभान गढूळ पाण्यात पालथा पडला. बायाबापड्या काठावर होत्या. सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरला तो त्याचा बाप, दयाराम. वय तेव्हाच ऐंशीला टेकलेलं. म्हाताऱ्यानं लेकाला उताणं केलं आणि धोतराच्या सोग्यानं त्याच्या तोंडावरचा, मिशीतला, कानातला चिखल पुसत बसला. कुणी त्याला आवर म्हणालं नाही. तानाबाईनं ते डोळ्यांनी बघितलं, आणि त्या दिवशी तिला रडूसुद्धा आलं नाही, इतका तिला राग आला.

तेव्हापासून दयारामचं एकच मागणं. जेवताना म्हणायचा, ऊन खात बसला की म्हणायचा, "तानी, मले नाल्यानं नेऊ नको. मले धुऱ्यानं ने. तेवढं कर."

"नेतो मामाजी," ती म्हणायची. आणि म्हातारा खोकला की तिच्या काळजाचा ठोका चुकायचा. आभाळ भरलेलं असलं की जास्तच.

अर्ज झाले, ग्रामसभा झाली. अर्ज कुठं कुठं गेले आणि कुठं जाऊन निजले, देव जाणे. शेषरावभाऊंचं म्हणणं साधं होतं. "वाट तुमची नव्हतीच. माह्या बापाचा सभाव देवमानसाचा. त्यानं चालू देल्लं. मी नाई चालू देत." तानाबाईनं ते त्यांच्यासमोरच मोठ्यानं परत म्हटलं. म्हणून झाल्यावर तिला कळलं की दुखणं इथंच आहे. बापानं दिली ती मेहरबानी होती, आणि मेहरबानी लेकाला काढून घेता येते.

मग पाण्याचं निघालं. हा सगळा खाऱ्या पाण्याचा पट्टा. डाळ शिजत नाही, आणि किडनीचं दुखणं घरोघर. एका संस्थेनं गावात पाणी गोड करायचं यंत्र बसवायचं ठरवलं. पैसा परदेशातला, कुठल्याशा थंड देशाचा. त्या देशाचं नाव गावात कुणालाच धड घेता येईना, म्हणून सगळे नुसतं 'बर्फवाला देश' म्हणत. त्या देशाच्या दिल्लीतल्या वकिलातीतली एक मोठी बाई आधी गाव बघायला येणार होती. कारण त्यांची अट होती: पाणी सगळ्यांना सारखं मिळालं पाहिजे, माणसामाणसांत भेदभाव नको.

संस्थेचा माणूस दीपक, खामगावचा. पोरगा वाईट नव्हता, पण सगळं गोडगोड करायची त्याला सवय. तो तानाबाईकडं आला. "मावशी, वस्तीकडून तुम्ही बोला. आम्ही सगळे एका नळावर पाणी भरतो, आमच्या गावात सहिष्णुता आहे, एवढंच सांगायचं."

"सहिष्णुता म्हंजे का?"

दीपकनं जरा विचार केला. "म्हणजे एकमेकांना सांभाळून घेणं. आपल्याहून वेगळा असला तरी त्याला सहन करणं."

"म्हंजे तुमी आमाले सहन करून राह्यले?" तानाबाई म्हणाली. "लय उपकार झाले बाप्पा."

दीपक हसला आणि निघून गेला. संध्याकाळी शेषरावभाऊंचा निरोप आला, तो काही हसण्यासारखा नव्हता. वाटेचं नाव काढलंस तर पाव्हणीबाई माघारी जाईल, यंत्र दुसऱ्या गावाला जाईल, आणि पळसझरीची पोरंसोरं खारं पाणी पितील ती तुझ्या नावानं. टोळीतली जनकाबाई माळीण हे ऐकून तानाबाईच्या दारात आली. तिच्या नवऱ्याचे दोन्ही पाय सुजलेले, डॉक्टरांनी गावचं पाणी बंद कर म्हणून सांगितलेलं. "तानाबाई, तुह्या पाया पडतो. वाटेचं मांगून पाहू. आता चूप राह्य," एवढंच ती म्हणाली. जनकाबाईचं खोटं नव्हतं.

पाव्हणी आली त्या दिवशी शेषरावभाऊंच्या अंगणात मांडव होता. बाई उंच, पिकल्या केसांची. सतरंजीवर बायांमध्ये बसायला गेली, तर दीपकनं तिला उठवून खुर्चीवर बसवलं. सरपंच बोलले, शेषरावभाऊ बोलले. गाव कसं एका आईच्या लेकरांसारखं राहतं ते बोलले. तानाबाई ऐकत होती. समोर सतरंजीच्या कडेला दयाराम काठीवर हनुवटी टेकून बसला होता. त्याला बोललेलं अर्धं ऐकू येत नव्हतं, तरी तो मान हलवत होता. ती उठली तेव्हासुद्धा काय बोलायचं ते तिचं ठरलेलं नव्हतं. म्हातारा खोकला, आणि ठरलं.

"जय भीम. मी तानाबाई. नळ एकच हाय, खोटं काऊन सांगू. पानी आमी संगंच भरतो. शेतात भाकर बी संगंच खातो. पन मेल्यावर आमाले वाट नाई. होती, ते ह्या घरानं बंद केली. माह्या नवऱ्याले नाल्यानं न्या लागलं. तिरडी पडली. त्याचं तोंड चिखलात गेलं. ह्या म्हाताऱ्यानं लेकाच्या तोंडचा चिखल पुसला. आता ह्याची पाळी हाय, अन् मले वाट पायजे."

दीपकनं इंग्रजीत काहीतरी चारदोन शब्द सांगितले. पाव्हणीबाईनं तानाबाईकडं बघून गोड हसून मान डोलावली.

तानाबाई खाली बसली नाही. "दीपकभाऊ, माह्या नवऱ्याचं तोंड चिखलात गेलं म्हन्लं मी. अन् हे बाई हासून राह्यली. एक त तिले काळीज नाई, नाईतर तुमी भलतंच सांगतलं."

"मावशी, वेळ कमी आहे. मी थोडक्यात सांगितलं."

"थोडक्यात नाई चालत. टोळीचा कायदा हाय. त्यायले म्हना, मी का म्हन्लं ते परत सांगा."

शेषरावभाऊ उठले. "खाली बस, तानाबाई. पाव्हन्यासमोर गावाची लाज काढतं का?"

"लाज मी झाकली नाई, तुमी झाकली. मी फकस्त पदर काढला तिच्यावरचा."

याच वेळी शेषरावभाऊंची सून निशिगंधा चहाचा ट्रे घेऊन ओसरीवर उभी होती. खामगावात कॉलेज केलेली, इंग्रजी घेऊन बीए झालेली. लग्न होऊन आली त्या वर्षी ती टोळीला चहा घेऊन शेतात यायची, आणि घरी सांगू नका म्हणत तानाबाईच्या फडक्यातली भाकर ठेच्याबरोबर खायची. तानाबाईनं तिच्याकडं बघितलं.

"सुनबाई, तुमाले येते हे भाषा. सांगा. नसन सांगायचं त नका सांगू, मी रागावनार नाई. घर तुमचं हाय. पन सांगतलं त पुरं सांगा."

"आत जाय," शेषरावभाऊ सुनेला म्हणाले.

निशिगंधा आत गेली नाही. तिनं ट्रे ओसरीवर ठेवला, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि सासऱ्याकडं न बघता सांगायला लागली. पाव्हणीबाईच्या तोंडावरचं हसू विरत गेलं. ती खुर्चीवरून उठली आणि तानाबाईसमोर येऊन उभी राहिली. तिला परत सांगायला सांगितलं होतं, तिनं सांगितलं. एकेक वाक्य ती तिच्या भाषेत बोलायची आणि निशिगंधा मराठीत म्हणायची.

"तुमचा नवरा वारला. वाट होती, ती या घरानं बंद केली. तिरडी नाल्यात पडली. या बाबांनी मुलाच्या तोंडावरचा चिखल पुसला. आता तुम्हाला बाबांसाठी वाट हवी आहे. मी बरोबर ऐकलं का?"

"हाव," तानाबाई म्हणाली. "बरोबर."

आणि तिचे डोळे भरून आले. इतकी वर्षं हे तिनं किती जणांना सांगितलं असेल, पण दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तेही शेषरावभाऊंच्या अंगणात, त्यांच्याच सुनेच्या तोंडून.

पाव्हणीबाई मग हळू आवाजात म्हणाली की ती या देशात पाहुणी आहे, गावच्या भांडणात तिला निवाडा करता येत नाही, तिचे हात बांधलेले आहेत. तानाबाईनं मान हलवली. "वाट तुमाले मांगतलीच नाई. तुमी आज हाय, उद्या नाई. मले फकस्त इतकं सांगा, एका देशानं दुसऱ्याची वाट अडवली, त तुमी मोठी मोठी मानसं का करता?"

बाईला हा प्रश्न बहुतेक कुणी असा विचारला नसावा. तिनं सावकाश सांगितलं, निशिगंधानं ते मराठीत आणलं. तिचं बोलणं संपल्यावर, कायद्याप्रमाणे, तानाबाईनं ते मोठ्यानं परत म्हटलं. "आधी बोलता. नाई आयकलं त अजून बोलता. तरी नाई आयकलं त त्याच्यासंगं देनंघेनं बंद करता. पन एकट्यानं नाई, समद्यायनं मिळून, नाईतर उपेग नाई. अन् देनंघेनं बंद केलं तरी बोलनं बंद नाई करत. बरोबर?"

बाई म्हणाली, "बरोबर. पण नेहमी यश येतंच असं नाही."

"ते मले बी मालूम हाय," तानाबाई म्हणाली.

पाव्हणी गेली आणि गाव तानाबाईवर उलटलं. महिना झाला, यंत्राचा पत्ता नाही. नळावर बाया तिच्याकडं पाठ करून उभ्या राहायच्या. जनकाबाई तर तिचं नावच काढेना. निशिगंधाशी सासरा बोलत नव्हता, पण तिची सासू विमलबाई एक दिवस नवऱ्याला म्हणाल्या, "मी इतकी वर्सं मान खाली घालून च्याच देल्ला. पोरीनं एक दिवस खरं सांगतलं, त का घर पडलं?" हे गावात पसरलंच. तानाबाई वरून घट्ट होती. आतून मात्र तिला वाटायचं, आपल्या एका म्हाताऱ्यापायी आपण गावच्या लेकरांच्या तोंडचं पाणी पळवलं काय? तिचं जेवणावरचं मन उडालं.

दसरा झाला आणि एका सकाळी ट्रकमधून यंत्र आलं. बसलं. चालू झालं. अट पाण्याची होती, आणि नळ एकच हे खुद्द तानाबाईनंच सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी जनकाबाई पाण्याची कॅन डोक्यावर घेऊन तानाबाईच्या दारात आली. "डाळ शिजली व," म्हणाली, आणि कॅन ठेवून ओसरीवर बसून राहिली. माफीबिफी कुणी मागितली नाही. दोघींनी गोड पाण्याचा चहा प्यायला.

दिवाळीच्या सुमारास कापूस फुटला. विमलबाईंनी वेचणीच्या आधीची सीतादहीची पूजा करून शेतात दहीभात शिंपडला, आणि शेषरावभाऊंनी टोळीला निरोप धाडला. तानाबाईनं सगळ्या बायांना धुऱ्यावर, म्हणजे धुरा जिथं होता तिथं, काट्यांच्या अलीकडं बोलावलं.

"मी शेषरावभाऊचा कापूस वेचनार नाई. वाट सुटेस्तोवर. तुमाले सांगतो, कोनाच्या गळ्याले फास नाई."

जनकाबाई म्हणाली, "आमचं मसन वायलं. आमच्या वाटंले कोनी हात नाई लावला. मंग आमी काऊन?"

तानाबाईला भाषणं येत नव्हती. हक्क, न्याय हे शब्द ती कार्यक्रमांत ऐकत आली होती, पण बायांसमोर तिच्या तोंडून ते निघाले नाहीत. "माही पात मांगं राह्यली व," ती म्हणाली. "लय दिवसाची. तुमच्या पाती झाल्या. आता फिरायचं असन त फिरा. नाईतर बसा धुऱ्यावर."

जनकाबाई ताडकन उठली. "बसा म्हन्ली? धुऱ्यावर बसा म्हन्ली मले? मी कधी बसली व? सांग न, कोनाची पात मांगं ठेवून मी कधी बसली?" तिला खरोखरच राग आला होता. तिनं कमरेची कापसाची ओटी सोडली, झटकली आणि शेषरावभाऊंच्या शेताकडं पाठ करून चालायला लागली. तिच्यामागं एकेक करून सगळ्या निघाल्या.

त्या दिवसापासून टोळी गावात सगळ्यांचा कापूस वेचत होती, शेषरावभाऊंचा सोडून. शेषरावभाऊ हसले. म्हणाले, बाया आहेत, चार दिवसांचं वारं. पण तानाबाईनं पाव्हणीबाईचं सगळं ऐकलं होतं, शेवटचंसुद्धा. रोज सकाळी कामावर जाताना ती त्यांच्या फाटकाशी थांबायची.

"शेषरावभाऊ, बोलाचं हाय का?"

"नाई."

"बरं. उद्या येतो."

एवढंच. ना आरडाओरडा, ना तळतळाट. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं शेषरावभाऊंना वाटायला लागलं. त्यांनी बाहेरगावाहून गाडीत घालून मजूर बाया आणल्या. दुपारी त्या पाणी प्यायला नव्या नळावर आल्या, तिथं जनकाबाई होती, आणि तिनं त्यांना सगळं सांगून परत म्हणवूनही घेतलं. पळसाला पानं तीनच. त्यांच्याही गावात अशीच एक वाट होती. दुसऱ्या दिवशी गाडी आली, ती रिकामी.

कापूस फुटून पांढरा झाला, मग बोंडातून लोंबायला लागला. रस्त्यानं येणारा जाणारा बघायचा आणि पुढं जायचा. तशात अवकाळी ढग भरून आले. भिजलेला कापूस पिवळा पडतो आणि मग त्याला कुत्रं विचारत नाही. विमलबाई ओसरीवर बसून नवऱ्याला ऐकू जाईल असं आभाळाकडं बघत राहिल्या. आणि ज्या माणसानं बौद्ध वस्तीत आयुष्यात पाय ठेवला नव्हता, ते शेषरावभाऊ एका सकाळी तानाबाईच्या दारात आले.

आधी हवापाण्याचं बोलले. ताकाला जाऊन भांडं लपवायची मोठ्यांची सवय. मग म्हणाले, मजुरी वाढवून देतो. तानाबाई म्हणाली, "मजुरीचं भांडन नाई आपलं." मग म्हणाले, "बरं, असं करू. दयारामबुवाचं काई बरंवाईट झालं, त त्या दिशी मी सोता काट्या काढून देतो. माह्याकून तेवढं."

आतल्या खाटेवर दयाराम दाराकडं कान लावून ऐकत होता. तानाबाईला क्षणभर मोह पडला, खोटं कशाला. म्हाताऱ्याचं मागणं एवढंच तर होतं. तिनं दारातून आत बघितलं. म्हाताऱ्यानं हळूच, पण नक्की, मान नकाराची हलवली.

"एक दिसाची मेहरबानी नको," तानाबाई म्हणाली. "तुमच्या बापानं केली, तुमी काढून घेतली. तुमी करसान, तुमचा लेक काढून घेईन. वाट आमची हाय म्हनून सोडा. अन् धुऱ्यावर येऊन, टोळीसमोर म्हना."

शेषरावभाऊंचा चेहरा लालबुंद झाला. ते उठून गेले. पण ढग काही गेले नाहीत. ऊन चढायच्या आत ते काट्यांशी येऊन उभे होते, आणि सगळी टोळी समोर.

"वाट सोडली," ते पुटपुटले.

"मांगच्या बायांले आयकू नाई आलं."

"वाट सोडली म्हन्लं ना!"

"कोनाची वाट?"

शेषरावभाऊंनी एकदा आभाळाकडं बघितलं, एकदा कापसाकडं. मग मोठ्यानं म्हणाले, "वस्तीची वाट. वस्तीची होती, वस्तीची हाय. माहा लेक बी अडवनार नाई." तानाबाईनं ते जसंच्या तसं परत म्हटलं. त्यांनी स्वतःच्या हातानं बोराटीच्या काट्या ओढून बाजूला केल्या. दोन काटे तळहातात मोडले. मग बायांनी ओट्या बांधल्या आणि पाती धरल्या. ढग संध्याकाळपर्यंत नुसतेच गुरगुरले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर दयारामनं आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसला, डोक्यावर निळी टोपी घातली आणि काठी घेऊन निघाला. तानाबाई शेतात निघण्याच्या गडबडीत होती.

"कुठी चालले मामाजी?"

"मसनात."

ती दचकली. म्हातारा मिश्किल हसला. "मेल्यावर मले का दिसनार हाय व? तुमी म्हनसान, धुऱ्यानं नेलं. मले का मालूम? जितेपनी पाहून घेतो."

आणि निघाला. मागून तानाबाई. शेतात टोळीची अर्धी पात झाली होती. बाया कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. नांगरून भुसभुशीत झालेल्या त्या पट्ट्यावरून म्हातारा एकेक पाऊल टाकत येत होता. धुऱ्याच्या टोकाशी शेषरावभाऊ उभे होते. ते म्हणाले, "कडंनं चाला बुवा, मधात ढेकळं हाय."

"मी मधातूनच चालतो," दयाराम म्हणाला.

तो स्मशानापर्यंत गेला. इंद्रभानला जिथं जाळलं होतं तिथं जरा वेळ बसला. मातीवर हात फिरवला, जसा त्या दिवशी लेकाच्या तोंडावर फिरवला होता. मग काठी टेकून उठला आणि त्याच वाटेनं, त्याच्या मधातूनच, पायी परत आला. त्या वाटेनं नेलेलं कुणी आजवर परत आलेलं नव्हतं.

तानाबाई वाटेच्या तोंडाशी थांबली होती. कायदा तो कायदा. "सांगा मामाजी, का पाह्यलं?"

"वाट हाय," दयाराम म्हणाला. "जायले बी हाय, यायले बी हाय."

"का म्हन्ला व बुवा?" पातीच्या पार टोकावरून जनकाबाई ओरडली. "आमाले आयकू नाई आलं!"

तानाबाईनं ते मोठ्यानं परत म्हणायला तोंड उघडलं. पण आयुष्यभर सगळ्यांचं बोलणं परत सांगणाऱ्या त्या बाईच्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा म्हाताऱ्यानं काठी वर केली आणि सगळ्या शेताला, शेषरावभाऊंना, नाल्याला ऐकू जाईल असं स्वतःच ओरडून सांगितलं.